पॉलिमरायझेशन: होडीच्या रेझिनपासून काजूच्या टरफलापर्यंत

गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि फायबरच्या, म्हणजे काचेच्या धाग्यांवर रेझिन हा चिकट द्रव चढवून कडक केलेल्या, होड्यांची डागडुजी याच दिवसांत निघते. नेमका हाच धो धो पावसाचा काळ. मग ठरलेल्या तक्रारी सुरू होतात. रेझिन लावून दोन दिवस झाले तरी हाताला चिकटतंय. बादलीतच तापून धुरायला लागलं. गेल्या वर्षीचा उरलेला डबा उघडला तर आत जेली. दोष बहुतेक वेळा दुकानदाराच्या मालावर जातो. पण तिन्ही ठिकाणी एकच रासायनिक अभिक्रिया काम करत असते: एकदा ती अर्धवट राहिली, एकदा बेफाम सुटली आणि एकदा नको तेव्हा आपसूक झाली. तिचं नाव पॉलिमरायझेशन. विश्वकोशात तिला बहुवारिकीकरण म्हणतात. इथे दुकानात आणि कारखान्यात चालतो तोच शब्द वापरू.

रेझिन वाळतं, असा बहुतेकांचा समज असतो. भिंतीचा डिस्टेंपर वाळतो, कारण त्यातलं पाणी उडून जातं. रेझिनमधून मात्र फारसं काही उडून जात नाही. डब्यात होतं ते जवळपास सगळं होडीतच राहतं, फक्त सुट्या रेणूंचं एकसंध जाळं होतं. एवढं पटलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

साखळी कशी जुळते

छोट्या, एकसारख्या रेणूला मोनोमर म्हणतात. असे शेकडो-हजारो मोनोमर रासायनिक बंधांनी एकमेकांना जोडले गेले की पॉलिमर तयार होतो. या जोडणीच्या क्रियेला पॉलिमरायझेशन म्हणायचं.

सर्वांत साधा नमुना एथिलीनचा. हा वायू आहे. त्याच्या रेणूत दोन कार्बन असतात आणि ते एकमेकांना दुहेरी बंधाने धरून असतात. दोघीजणी दोन्ही हात धरून फुगडी घालताहेत असं समजा. अशा जोड्यांनी अंगण भरलंय, पण जोड्या सुट्या-सुट्या फिरताहेत. तेवढ्यात एक हात रिकामा असलेली एकटी मुलगी आत घुसते आणि एका जोडीतल्या एकीचा हात ओढून धरते. त्या जोडीचा एक हात सुटतो, दुसरा तसाच राहतो. आता त्या जोडीतल्या दुसरीचा हात रिकामा. ती शेजारच्या जोडीतली एक ओढते. अशी रांग वाढत जाते आणि रिकामा हात कायम टोकाला सरकत राहतो.

बाहेरून घुसलेली ती मुलगी म्हणजे आरंभक. रसायनशास्त्रात अशा रिकाम्या हाताच्या कणाला मुक्त मूलक म्हणतात. दोन रांगांची रिकामी टोकं एकमेकांना भेटली की दोन्ही रांगा तिथेच संपतात. आरंभ, वाढ आणि समाप्ती हे तीन टप्पे ते हेच.

यातली एक बाब नीट ध्यानात ठेवायला हवी. सुटलेल्या बंधापेक्षा नव्याने जुळलेला बंध पक्का असतो, म्हणून प्रत्येक जोडणीला थोडी उष्णता बाहेर पडते. बादलीतल्या धुराचं मूळ इथे आहे.

साखळीच्या लांबीने वस्तूचे गुण ठरतात. मेणबत्तीच्या मेणात २० ते ४० कार्बनच्या साखळ्या असतात. ते नखाने खरवडलं जातं. तसाच बंध, तेच अणू, पण हजारो कार्बनची साखळी केली की पाण्याचा जेरीकॅन बनतो. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि ओढल्या तरी सहज सुटत नाहीत, एवढाच काय तो फरक. एथिलीनचं रेणुवस्तुमान २८. असे १०,००० रेणू जुळले तर साखळीचं वस्तुमान २,८०,००० होतं.

आज हे सरळ वाटतं, पण जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये असे अवाढव्य रेणू असतात असं मांडलं तेव्हा भल्याभल्यांना ते पटेना. त्यांना नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये. मधल्या काळात, १९३३ मध्ये, इंग्लंडमध्ये प्रचंड दाबाखाली वेगळाच प्रयोग चालू असताना एथिलीनपासून पांढरा मेणचट पदार्थ मिळाला, तो पॉलिथीन. सुरुवातीला तो कधी मिळे, कधी नाही. किंचित ऑक्सिजन आत शिरला तरच साखळी सुरू होते, हे नंतर कळलं.

दुसरी रीत: काहीतरी बाहेर टाकून जुळणं

काही मोनोमर दुहेरी बंध उघडून जुळत नाहीत. दोन रेणूंची टोकं जुळताना पाण्यासारखा छोटा रेणू बाहेर पडतो. पाण्याच्या बाटलीचं पेट असं बनतं आणि १९३५ मध्ये वॉलेस करोदर्स यांनी तयार केलेलं नायलॉनही असंच. आपल्या शरीरातली प्रथिनं अमिनो आम्लांपासून आणि भातातला स्टार्च ग्लुकोजपासून बनतो, तोही पाण्याचा रेणू गमावूनच.

या रीतीत पाणी बाहेर पडतं, त्यामुळे तापमान चढलं की पाणी उलट घुसून साखळी तोडूही शकतं. पेटचे दाणे बाटलीच्या साच्यात जाण्याआधी तासन्‌तास गरम हवेत कोरडे करतात ते यासाठी. ओलसर दाणे वितळवले तर साखळ्या तुटतात आणि बाटली ठिसूळ निघते.

मासेमारीच्या जाळ्याचं नायलॉन ६ आणखी वेगळ्या वाटेने येतं. त्याचा मोनोमर, कॅप्रोलॅक्टम, कड्यासारखा असतो; कडं उघडतं आणि एकेक जोडलं जातं. नायलॉनची घनता साधारण १.१४, समुद्राच्या पाण्याची १.०२५, म्हणून नायलॉनचं जाळं बुडतं. पॉलिप्रॉपिलीनचा दोर ०.९ चा, तो तरंगतो. वरच्या दोराला एक आणि जाळ्याला दुसरा पॉलिमर का, याचं उत्तर एवढंच.

होडीच्या रेझिनमध्ये काय घडतं

होडीसाठी बहुधा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. डब्यात मध्यम लांबीच्या पॉलिएस्टर साखळ्या असतात आणि त्या स्टायरीन नावाच्या द्रव मोनोमरमध्ये विरघळलेल्या असतात. स्टायरीनचं प्रमाण साधारण ३५ ते ४५ टक्के. तो उग्र वास त्याचाच. पॉलिएस्टरच्या साखळीत मध्ये-मध्ये दुहेरी बंध असतात. अभिक्रिया सुरू झाली की स्टायरीनचे रेणू एका साखळीतून दुसरीत पूल बांधतात आणि सगळ्याचं मिळून एकच जाळं होतं. त्या जाळ्यात काचेची मॅट अडकली की झालं फायबर.

हार्डनर म्हणून मिळतो तो एमईकेपी हा पेरॉक्साइड. तो आरंभक. नुसता तो नेहमीच्या तापमानाला फार हळू फुटतो, म्हणून कोबाल्टचं जांभळट द्रावण त्वरक म्हणून लागतं. बऱ्याच रेझिनमध्ये कोबाल्ट कारखान्यातच मिसळलेलं असतं. डब्यावरचं वाचल्याशिवाय वरून घालू नये. घालायचंच असेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून एकजीव करायचं आणि मगच एमईकेपी. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो. दोन्ही बाटल्या एकाच खोक्यात ठेवणं म्हणजे संकट विकत घेणं.

प्रमाण: एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम एमईकेपी, म्हणजे १ ते २ टक्के. झाकणाने अंदाजे ओतू नये, मापाची सिरिंज किंवा काटा वापरावा. नेहमीच्या गोव्याच्या तापमानात मिश्रण साधारण १५ ते २५ मिनिटांत जेलीसारखं होतं, म्हणून तेवढ्यात संपेल इतकंच कालवायचं. ४५० ग्रॅमच्या एक चौरस मीटर मॅटला साधारण एक किलो रेझिन पुरतं. मॅट पारदर्शक दिसेपर्यंत भिजवायची आणि रोलरने हवेचे बुडबुडे काढायचे. पांढरा राहिलेला ठिपका म्हणजे कोरडी काच, आणि पुढे पाणी शिरतं ते तिथूनच.

एका दमात तीन-चारपेक्षा जास्त थर देऊ नयेत. जाड थरातली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. आतलं तापमान चढतं, अभिक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता. थर पिवळा पडून तडकतो किंवा साच्यापासून सुटतो. बादलीत उरलेलं रेझिन धुरतं ते याच चक्रामुळे. उरलेलं मिश्रण पसरट ताटलीत पातळ ओतून मोकळ्यावर ठेवावं.

हातमोजे आणि चष्मा यांना पर्याय नाही. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. लगेच वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं डोळा धुवायचा आणि मगच डॉक्टरकडे निघायचं.

“पाऊस आहे, हार्डनर जरा वाढवला तर?”

हा सल्ला जेटीवर हमखास मिळतो आणि तो चुकीचा आहे. हार्डनर वाढवला म्हणजे एकाच वेळी जास्त साखळ्या सुरू झाल्या. मोनोमर तेवढाच, साखळ्या जास्त, म्हणजे प्रत्येक साखळी आखूड. शिवाय उष्णता एकदम बाहेर पडते. होडी लवकर कडक झालेली दिसते, पण ती ठिसूळ असते. उलट एक टक्क्याच्या खाली गेलात तर जाळं अपुरं राहतं आणि नंतर कितीही थांबलं तरी ते पूर्ण होत नाही.

मुळात गोव्याच्या पावसात थंडीची अडचण नसते. २५ अंशांच्या आसपास रेझिन छान चालतं. अडचण ओलाव्याची. दमट मॅटला रेझिन धरत नाही आणि होडीच्या जुन्या भागात मुरलेलं पाणी नव्या थरामागे अडकून पुढे फोड आणतं. डागडुजीची जागा कडेला लांब उतार देऊन घासायची, ॲसिटोनने पुसायची आणि पत्र्याखाली, वाऱ्यावर, पूर्ण कोरडी होऊ द्यायची. मॅटचा गुंडाळा सिमेंटच्या जमिनीवर न ठेवता प्लास्टिकमध्ये बांधून फळीवर ठेवावा. घासण्यापेक्षा कोरडं होण्यात जास्त वेळ जातो, आणि घाईही नेमकी तिथेच केली जाते.

पृष्ठभाग चिकट राहण्याचं कारण मात्र पाऊस नव्हे. हवेतला ऑक्सिजन साखळीच्या टोकाचा रिकामा हात पकडून बसतो आणि वरच्या पातळ थरातली वाढ खुंटते. आतला थर कडक झालेला असतो. पुढचा थर द्यायचा असेल तर हा चिकटपणा उपयोगीच, नवा थर त्याच्याशी रासायनिकरीत्या जुळतो. शेवटच्या थरात तेवढं मेणाचं द्रावण घातलेलं रेझिन वापरावं. मेण वर तरंगतं आणि हवा अडवतं. साच्याला टेकलेली जेलकोटची, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराची, बाजू कधी चिकट राहत नाही, कारण तिथे हवाच नसते.

जेली होणं म्हणजे काम संपणं नव्हे. जोडणी पुढे कित्येक दिवस सावकाश चालू राहते. म्हणून निदान आठवडाभर होडी पाण्यात उतरवू नये.

एपॉक्सी, फेविक्विक, फेविकॉल

एपॉक्सीचं गणित निराळं. तिथला हार्डनर नुसता सुरुवात करून देत नाही, तो स्वतः जाळ्याचा भाग होतो. दोन्ही घटकांचे बंध एकास एक जुळायला हवेत. हार्डनर जास्त झाला तर जास्तीचे रेणू जोडीदाराविना लोंबकळत राहतात आणि वस्तू रबरासारखी मऊ राहते. कमी झाला तरी तेच. त्यामुळे डब्यावरचं प्रमाण, वजनाने की मापाने तेही पाहून, काटेकोर पाळायचं. पॉलिएस्टरवर हात बसलेला कारागीर एपॉक्सीत फसतो तो इथेच. एम-सीलचे दोन गोळे रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे, त्यामागचं कारणही तेच.

फेविक्विकच्या नळीत सायनोॲक्रिलेट हा मोनोमर असतो आणि त्याला सुरुवात करून द्यायला पाण्याचा अंश पुरतो. दमट हवेत ते झटकन धरतं, आणि झाकण सैल राहिलं तर नळीतच दगड होतं. लाकडाचं पांढरं फेविकॉल मात्र यातलं नव्हे. त्यातला पॉलिमर कारखान्यातच तयार झालेला असतो आणि बारीक कणांच्या रूपात पाण्यात तरंगत असतो. पाणी निघून गेलं की कण एकमेकांत मिसळतात. म्हणजे फेविकॉल खरोखर वाळतं, आणि जुलैत त्याला वेळही जास्त लागतो.

डब्यात जेली का होते, आणि विशाखापट्टणमला काय झालं

मोनोमर साठवताना तो आपसूक जुळू नये म्हणून त्यात अवरोधक घालतात. तो चुकार मूलकांना पकडतो आणि हळूहळू खर्ची पडतो. उकाड्यात तो लवकर संपतो. पत्र्याच्या तापत्या खोलीतला रेझिनचा डबा म्हणूनच वर्षभरात जेली होतो. डबा सावलीत ठेवावा, तारीख बघून घ्यावा, आणि लागेल तेवढाच.

हीच गोष्ट मोठ्या टाकीत घडली की काय होतं ते ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ दिसलं. लॉकडाउनमुळे कारखाना बंद होता आणि टाकीत स्टायरीन पडून होतं. अवरोधक कमी पडला, थंड ठेवण्याची व्यवस्था अपुरी ठरली, आणि टाकीत पॉलिमरायझेशन सुरू झालं. उष्णतेने वेग, वेगाने उष्णता. राहिलेलं स्टायरीन उकळून वाफ वस्तीत पसरली. १२ जणांचा जीव गेला. या अवरोधकाला काम करायला द्रवात विरघळलेला थोडा ऑक्सिजन लागतो. तोच ऑक्सिजन पॉलिथीनमध्ये साखळी सुरू करतो आणि होडीवर ती थांबवतो. दाब, तापमान, प्रमाण बदललं की एकच पदार्थ उलटसुलट भूमिका घेतो, त्यामुळे रसायनं “चांगली” आणि “वाईट” अशी वाटून टाकण्यात अर्थ नाही.

काजू, जवस आणि बिडाचा तवा

पॉलिमरायझेशनला कारखानाच लागतो असं नाही. काजूच्या टरफलात वजनाच्या साधारण पाव हिस्सा एक तपकिरी, जळजळीत तेल असतं. ते बिब्ब्याच्या तेलाच्या कुळातलं. सोलणाऱ्यांच्या बोटांची कातडी जाते ती त्यानेच. त्यातल्या रेणूंना १५ कार्बनचं शेपूट असतं आणि बहुतेकांच्या शेपटात दुहेरी बंध. तापवलं, आम्ल घातलं किंवा फॉर्मल्डिहाइडशी जोडलं की हे तेल कडक रेझिनमध्ये बदलतं. त्याची भुकटी वाहनांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जाते, कारण ते घर्षणाची उष्णता सोसतं. होडीच्या लाकडाला हे तेल चोपडायची जुनी रीत आहे, तिच्यामागेही हीच क्रिया.

जवसाचं तेल लाकडावर किंवा तव्यावर कडक पापुद्रा धरतं, कारण त्यात दुहेरी बंध भरपूर असतात आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने ते जुळतात. खोबरेल तेलात असे बंध नावालाच. म्हणून बिडाचा नवा तवा खोबरेलाने कितीही तापवला तरी पक्का काळा थर धरत नाही. जवसाचं किंवा सूर्यफुलाचं तेल अगदी पातळ पुसून, धूर येईपर्यंत तापवून, तीन-चारदा करावं लागतं. कढईच्या कडेचं चिवट पिवळं किटण हेही जुळलेलं तेलच. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून टाकू नये. जुळताना निघालेली उष्णता आत कोंडून ती आपोआप पेटू शकते. पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून टाकावी.

“पॉलिमर म्हणजे प्लास्टिकच ना? आणि प्लास्टिक विषारी ना?”

प्लास्टिक हा पॉलिमरचा एक छोटा वाडा. काथ्यातलं सेल्युलोज, भातातला स्टार्च, रेशीम, रबर, आपला डीएनए, सगळे पॉलिमरच. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच, फक्त जोडणीचा कोन वेगळा. तेवढ्यावर एक पोटात पचतं आणि दुसऱ्याचा दोर होतो.

कोविडच्या काळात घराघरांत पोचलेल्या पीसीआरमधला ‘पी’ पॉलिमरेजचा. पॉलिमरेज हे डीएनएचे मोनोमर जोडत नेणारं एन्झाइम. नमुन्यातला डीएनएचा तुकडा दर फेरीला दुप्पट होतो, म्हणजे ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त. नाकातल्या चिमूटभर नमुन्यात विषाणू सापडतो तो या जोडणीच्या बळावर.

विषारीपणाचं उत्तर पदार्थागणिक वेगळं. पीव्हीसीचा मोनोमर, व्हिनाइल क्लोराइड, माणसात कर्करोग करतो हे सिद्ध आहे. जुळल्यावर मात्र ते अणू साखळीत बांधले जातात, म्हणून पीव्हीसीच्या पाइपातून पिण्याचं पाणी जातं. प्रश्न उरतो तो न जुळलेल्या मोनोमरचा आणि मऊपणासाठी किंवा रंगासाठी वरून घातलेल्या पदार्थांचा.

“मग वितळवून परत वापरता येत नाही का?”

सुट्या साखळ्यांचे पॉलिमर, म्हणजे पॉलिथीन, पेट, नायलॉन, वितळतात. दरवेळी काही साखळ्या तुटतात, त्यामुळे गुणवत्ता घसरते, पण वितळतात. पेटला रसायनांनी मोनोमरपर्यंत मागेही नेता येतं. पॉलिथीनचं तसं नाही: निव्वळ कार्बन-कार्बन बंध, पाणी ते तोडू शकत नाही आणि जिवाणूंकडेही त्यासाठी सहज चालणारं हत्यार नाही. समुद्रात त्याचे तुकडे होतात, पण ते कुजत नाही.

होडीचं फायबर तर वितळतच नाही. सगळं मिळून एकच जाळं आहे, आणि साखळ्या एकमेकींवरून सरकणार कशा? तापवलं तर ते जळतं. म्हणून जुनी फायबर होडी भंगारवाला घेत नाही. होडीचा सांगाडा शाबूत असेल तर डागडुजी हाच सर्वांत स्वस्त उपाय. तोडायचीच झाली तर मोठ्या तुकड्यांत, पाणी मारत, मास्क लावून कापावी, कारण काचेची धूळ फुप्फुसाला आणि कातडीला दोन्हीकडे बोचते. तुकडे किनाऱ्यावर पेटवू नयेत. रेझिन दाट काळ्या धुराने जळून जातं आणि काच वाळूत तशीच राहते, पुढच्या पावसापर्यंत अनवाणी पायांना टोचायला.